ग्रुप मोठा, पावती भलत्याच कंपनीची : रावेर-यावलकरांनो, जपून

एका मोठ्या ग्रुपच्या नावावर घेतलेल्या ठेवीत माझे 4,75,000 रुपये गेले. केळीच्या पट्टीचे (विक्रीच्या हिशेबाचे) 3,25,000 आणि ट्रॅक्टरसाठी बाजूला ठेवलेले 1,50,000. "वर्षाला 18 टक्के, व्याज महिन्याच्या महिन्याला" म्हणत कोणी दारात आला तर त्याला चहासुद्धा पाजू नका. सुरुवातीचं व्याज वेळेवर आलं. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

डोक्यात जाते ती पावती. वर टीव्हीवर रोज दिसणाऱ्या ग्रुपचं सोनेरी चिन्ह. खाली बारीक अक्षरात दुसरंच नाव, पुढे 'प्रा. लि.', आणि नेमका त्यावरच जांभळा शिक्का. मी विचारलंही, "हे नाव वेगळं कसं?" एजंट हसला, "नाना, पोरीचं नाव वेगळं असलं तरी बाप तोच ना!" तिथंच उठायला पाहिजे होतं. पण सोसायटीच्या चेअरमननंही पैसे भरले होते, मग मी एकट्यानं कशाला शंका काढायची?

प्रायव्हेट लिमिटेडला बाहेरच्या लोकांकडून ठेवी घेताच येत नाहीत. पब्लिक कंपनीलाही 100 कोटींची नक्त (देणी वजा जाता उरणारी) मालमत्ता किंवा 500 कोटींची उलाढाल लागते. 2013 च्या कंपनी कायद्यात आणि त्याखालच्या नियमांत लिहिलंय. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर भागभांडवल फुकट दिसतं. या 'पोरी'चं होतं 1,00,000!

पोलीस ठाण्यात साहेब म्हणे, "दिवाणी मॅटर आहे, वकील बघा." राज्यात 1999 पासून ठेवीदार संरक्षण कायदा आहे, हे केळीवाल्यानं पोलिसांना शिकवायचं? जळगावात म्हणे, कंपनी मुंबईची. मुंबईत कळलं, कंपनी दिवाळखोरीत. दिवाळखोरीची प्रकरणं चालवणाऱ्या न्यायाधिकरणाची स्थगिती, वसुलीचा दावा चालणार नाही. वाटपात तारणवाल्या बँका पुढे, बिनतारणी आम्ही मागे. आणि ग्रुपचं एका ओळीचं पत्र : ती स्वतंत्र कंपनी आहे, आमचा संबंध नाही. नफा वर जात होता तेव्हा बरा संबंध होता! कंपनी कायद्याच्या कलम 447 मध्ये फसवणुकीला दहा वर्षांपर्यंत कैद आहे, पण कागदावरचा डायरेक्टर निघाला त्यांचाच ड्रायव्हर. उपकंपनी बुडाली की मूळ कंपनीनं भरायचं, एवढं कायद्यात घालायला कोणी हात धरलाय?

पैसे रोख देऊ नका. भरले असतील आणि कंपनी दिवाळखोरीत असेल, तर तिथं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे आपल्या रकमेच्या दाव्याचा अर्ज मुदतीत टाका, बँकेचा उतारा जोडा. आणि मूळ पावती कोणाच्या हातात देऊ नका. सावद्याकडे तोच एजंट "बदलून देतो" म्हणत जुन्या पावत्या गोळा करत फिरतोय.