स्वतःची छोटी खोली की तारखांवर भाड्याचं नाट्यगृह?

नाट्यसंस्था छोटी असली की पहिलं नाटक ठरायच्या आधीच हा प्रश्न समोर येतो. भाड्याच्या नाट्यगृहात तारखा घेत राहायचं, की साठ-सत्तर खुर्च्या मावतील अशी एखादी खोली कायमची घ्यायची? मी दोन्ही करून पाहिलं आहे. आज आमची स्वतःची खोली आहे, तेव्हा माझा कल कुठे असणार हे वेगळं सांगायला नको. पण तारखांवर प्रयोग करणाऱ्यांची बाजू कच्ची नाही, म्हणून आधी तीच मांडतो.

भाड्याच्या नाट्यगृहात पडदा पडला, सामान टेम्पोत चढलं की तुम्ही मोकळे. स्वच्छतागृह, तुटलेली खुर्ची, आग लागली तर बाहेर पडायचा रस्ता, हे सगळं दुसऱ्याच्या डोक्याला. प्रयोग नसेल त्या महिन्यात भाडंही नाही. नाटक चाललं तर मोठं नाट्यगृह घेता येतं. सत्तर खुर्च्यांच्या खोलीत नाटक कितीही गाजलं तरी एका प्रयोगाला सत्तरच तिकिटं. शिवाय काही नाटकांना अशा जागेची गरजच नसते. बंगाली नाटककार-दिग्दर्शक बादल सरकारांनी १९७०च्या दशकात नेपथ्य आणि प्रकाशयोजनेचा सगळा पसारा सोडून खोल्यांमध्ये, बागांमध्ये, उघड्यावर प्रयोग केले. तुमचं नाटक तसं अंगावरच्या कपड्यांनिशी उभं राहणारं असेल, तर जागेत पैसे अडकवू नयेत असंच मी म्हणेन.

आमचं नाटक तसं नव्हतं, आणि माझ्यापुरता निकाल लावला तो दिव्यांनी.

तारखेवर प्रयोग म्हणजे दिवे त्याच दिवशी बांधायचे, फोकस करायचे आणि रात्री उतरवायचे. पुढच्या तारखेला पुन्हा पहिल्यापासून. मधल्या काळात तिथे दुसऱ्यांची नाटकं झालेली असतात, दिवे टांगायचा बार वरखाली झालेला असतो, उजेड कमी-जास्त करणारा एखादा डिमर बंद पडलेला असतो. आमच्या एका नाटकात नटी खिडकीपाशी येऊन पत्र वाचते. बाजूने एकच दिवा, अर्धा चेहरा उजेडात आणि हातातला कागद लख्ख. तालमींत ती जागा तिच्या पायांना पाठ झाली होती. पण प्रयोगात तो दिवा कधी वीतभर अलीकडे, कधी पलीकडे लागायचा. कागद उजळायचा आणि चेहरा काळोखात राहायचा. मग ती उजेड शोधत अर्धं पाऊल सरकायची. त्या अर्ध्या पावलात तिचं पत्रावरचं लक्ष सुटायचं आणि समोर बसलेल्यांचंही. जमिनीवर चिकटवलेल्या टेपच्या खुणा पुढच्या तारखेपर्यंत टिकायचा प्रश्नच नव्हता. यात दोष ना तिचा, ना प्रकाशयोजना करणाऱ्याचा. हाताशी जेवढा वेळ आहे त्यात बसेल तेवढंच बसवायचं, ही त्या व्यवस्थेचीच अट आहे.

स्वतःच्या खोलीत तो दिवा हलत नाही. रोजची तालीम त्याच उजेडात होते, आणि नट उजेडाचा विचार करणं सोडून देतो. हा फरक मी मोजून दाखवू शकत नाही, पण आमचं तेच नाटक खोलीत आल्यावर शांत झालं, एवढं नक्की. दुसरा फायदा सलग प्रयोगांचा. महिन्यातून एखादी तारीख मिळते तेव्हा प्रत्येक प्रयोग थोडा पहिल्या प्रयोगासारखाच होतो. गुरुवार ते रविवार रोज प्रयोग केला की शनिवारी नाटकाला जी लय सापडते, ती एरवी हाती लागत नाही.

आणि प्रेक्षक कुठे बसवायचे हे तुम्ही ठरवता. पोलिश दिग्दर्शक ग्रोटोव्स्की १९५९ मध्ये पोलंडमधल्या ओपोले इथल्या तेरा रांगांच्या छोट्या थिएटरात आले आणि पुढे जवळजवळ प्रत्येक नाटकासाठी त्यांनी बसण्याची रचनाच बदलली. एका नाटकात प्रेक्षक मनोरुग्णालयाच्या खाटांवर, दुसऱ्यात लांब टेबलांभोवती पाहुण्यांसारखे. तारखेवर घेतलेल्या नाट्यगृहात पक्क्या खुर्च्या उचलायला कोण देईल?

खोलीची किंमत मात्र खरी आहे. प्रयोग असो नसो, भाडं चालू राहतं. ते भरायला खोली इतर संस्थांना, तालमींना, शिबिरांना द्यावी लागते, आणि नाटक करायला आलेला एक माणूस पूर्ण वेळ वेळापत्रक आणि किल्ल्या सांभाळू लागतो. असा माणूस तुमच्याकडे नसेल तर माझं मत बाजूला ठेवा. परवान्यांचंही हलकं घेऊ नका. एलेन स्ट्युअर्ट यांनी न्यूयॉर्कमध्ये १९६१ साली तळघरात सुरू केलेल्या ला मामा या छोट्या थिएटरला नियमांच्या कटकटींपायी अनेकदा जागा बदलाव्या लागल्या. कायमची म्हणावी अशी जागा १९६९ मध्ये मिळाली.

खोली घ्यायचीच ठरली तर क्षेत्रफळाआधी छताची उंची बघा. छत बुटकं असेल तर दिवा नटाच्या तोंडासमोर येतो, डोळे दिपतात आणि सावली मागच्या भिंतीवर नाचते. रंगमंचाच्या प्रकाशयोजनेवर लिहिणारे अमेरिकन शिक्षक मॅककँडलेस यांनी १९३२ मध्ये मांडलेला, नटावर वरून तिरपा उजेड पाडायचा सुमारे ४५ अंशांचा कोन मिळायला डोक्यावर चांगली मोकळी उंची लागते. मधोमध खांब असेल तर ती खोली सोडून द्यावी, असं मला वाटतं. विजेचा मंजूर भार विचारा: जुने हजार वॅटचे बारा पार दिवे (रंगमंचावरचे डब्यासारखे झोतदिवे) एकदम पेटले की तेच बारा किलोवॅट होतात, एलईडीवर हे ओझं पुष्कळ उतरतं. आणि जागा बघायला प्रयोगाच्या वेळेलाच जा. मालक दुपारी दाखवतो तेव्हा वरचा मजला रिकामा असतो. संध्याकाळी तिथे खुर्च्या सरकतात, नळ वाहतात. मधे अर्धा तास कोणीही न बोलता बसा आणि काय काय ऐकू येतं ते लिहून घ्या. करार शक्यतो आधी सहा महिन्यांचाच करा, म्हणजे भाडं भरूनही नाटकाला पैसे उरतात का, ते कळेल.