नवा प्रायोगिक रंगीत रोल आणि काठावरचे चार आकडे

फिल्म धुणाऱ्या लॅबवाल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत नववीचे पेपर तपासत बसलो होतो. नेहमी दोन वाक्यांत बोलणं संपवणारा माणूस, पण त्या दिवशी आवाज चढलेला होता.

"सर, फॉर्मवर तुम्ही सी-४१ लिहिलंय. नक्की सी-४१च आहे ना?"

सी-४१ म्हणजे रंगीत निगेटिव्ह धुण्याची नेहमीची पद्धत. मी म्हटलं, डबीवर तसंच छापलंय.

"डबीवर काय, कोणी काहीही छापेल. माझी टाकी काळी झालीय."

ही २०२४च्या शिगम्यानंतरची, म्हणजे आमच्या गोव्यातल्या शिमग्यानंतरची गोष्ट. पैसे किती गेले ते पुढे सांगतोच, पण त्या फोनवर जी लाज वाटली ती पैशांपेक्षा जास्त होती. कारण आमच्या आप्पांचा फोंड्याला फोटो स्टुडिओ होता. मी निगेटिव्हच्या वासात वाढलेला माणूस, आणि फसलो ते निगेटिव्हच्या बाबतीतच.

आधी थोडं मागचं. डिसेंबर २०२३मध्ये हार्मन या इंग्लंडमधल्या कंपनीने फिनिक्स २०० नावाचा रंगीत रोल बाजारात आणला. इल्फर्डचे ब्लॅक अँड व्हाइट रोल बनवणारी तीच ही कंपनी. रंगीत निगेटिव्ह म्हटलं की आपल्याला नारिंगी पट्टी आठवते, तो नारिंगी मास्क फिनिक्सला नाही. दिव्यांभोवती तांबूस वलय उठतं, दाणा जाड, काळ्या-पांढऱ्यातला फरक कडक. हा आमचा पहिला प्रयत्न आहे, यात या या गोष्टी अजून जमलेल्या नाहीत, असं कंपनीने स्वतःच सांगितलं होतं. फिल्मवाल्या मंडळींत तेव्हा दुसरा विषय नव्हता. मीही आप्पांचा निकॉन एफएम२ कपाटातून काढून त्याचे सेल बदलले.

आणि नेमका त्याच वेळी तो रोल विकणारा भेटला. पणजीला फोंतेन्हासमध्ये रविवारी सकाळी काहीजण कॅमेरे घेऊन फिरतात, तिथे. वय तिशीच्या आसपास, कोकणी, मराठी, इंग्रजी तिन्ही सफाईदार, गळ्यात जुना लायका. त्याच्याकडे युरोपातल्या एका लहानशा कारखान्याचा म्हणे 'पूर्णपणे नवा प्रायोगिक रंगीत रोल' होता. फिनिक्सच्याही पुढचा. आयएसओ, म्हणजे फिल्मला किती उजेड पुरतो त्याचा आकडा, ४००, छत्तीस फोटो, सी-४१. रोलचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तुम्हाला तो विकायला येईल तेव्हा डबीवर दुसरंच नाव असेल.

मी विचारलं, "हे सिनेमाचं रीळ कापून भरलेलं नाही ना?"

"नाही हो सर. इमल्शन, म्हणजे उजेड टिपणारा थर, त्यांचं स्वतःचं आहे. तुमच्यासारख्या जाणत्या माणसालाच देतोय, उगाच कोणाच्याही हातात द्यायचा नाही हा."

जाणता माणूस विरघळला.

पहिला रोल त्याने पाचशे रुपयांत दिला, धुणं आणि स्कॅन त्यातच. मी तो दिवाडीला जाणाऱ्या फेरीबोटीवर आणि संध्याकाळी फोंतेन्हासच्या पिवळ्या दिव्यांखाली संपवला. चार दिवसांत स्कॅन आले आणि ते खरोखर सुंदर होते. दिव्यांभोवती लालसर झिलई, निळ्या भिंतीवर दाणेदार सावली. निगेटिव्ह मागितल्या तर म्हणाला, त्या मूळ निर्मात्यांकडे अभ्यासासाठी जातात, प्रायोगिक बॅच आहे ना. मला ते अगदी पटलं. अभिमानच वाटला म्हणा ना, आपल्या दिवाडीच्या फेरीबोटीचा कोणीतरी तिकडे अभ्यास करणार!

आप्पांकडे कोणी फोटो वाईट आल्याची तक्रार घेऊन आलं की ते प्रिंटकडे बघायचेच नाहीत. "पट्टी आण," म्हणायचे, आणि ती ट्यूबलाइटसमोर धरायचे. मी ती पट्टी न बघता दहा रोलांचे अकरा हजार पाचशे रुपये यूपीआयवरून पाठवले. बिल नाही. 'बॅच संपत आलीय' एवढं ऐकणं पुरलं. तो पहिला रोल कुठला होता हे मला आजही ठाऊक नाही. बाजारातलाच कुठलातरी चांगला रोल डबी बदलून दिला असणार. निगेटिव्ह हाती आल्या असत्या तर काठावर नाव वाचता आलं असतं. म्हणून तर त्या अभ्यासाला गेल्या.

मग शिगमो आला. फोंड्याच्या मिरवणुकीत रोमटामेळ आणि चित्ररथांवर दोन रोल गेले. डिचोलीकडे घोडेमोडणीला आणखी दोन. फुलांनी सजवलेले लाकडी घोडे कमरेला बांधलेले, हातात तलवारी, ढोल-ताशांचा दणका. रंगीत फिल्मची परीक्षा बघायला याहून चांगली जागा कुठली?

फसवणुकीच्या खुणा तेव्हाच दिसत होत्या. पहिल्याच रोलची अठ्ठावीस फोटोंनंतर फिल्म पुढे सरकवायची कळ अडली. छत्तीसचा रोल अठ्ठाविसाला संपतो कसा? मी मनात म्हटलं, प्रायोगिक आहे. डबीवरचा स्टिकर घामाने सुटला आणि खाली दुसऱ्याच कुठल्यातरी रोलच्या पिवळ्या रंगाची कड दिसली. म्हटलं, छोटा कारखाना आहे, डब्या परत वापरत असतील. रोल भरताना बोटांना किंचित काळं लागलं होतं, तेही पँटला पुसलं. प्रत्येक खुणेवर एकच शब्द आयता हाताशी होता. आज मला वाटतं त्याने मला रोल विकलेच नाहीत, तो शब्द विकला. त्या एका शब्दात कुठलाही दोष आपोआप गुण होऊन बसतो, आणि तक्रार करणारा अरसिक ठरतो.

चार रोल कुरिअरने मुंबईच्या लॅबला गेले. पुढे काय झालं ते लॅबवाल्याच्या तोंडून कळलं. सिनेमाच्या निगेटिव्ह रिळाच्या पाठीवर कार्बनचा काळा थर असतो, त्याला रेमजेट म्हणतात. आत आलेला प्रकाश मागे आपटून परत फिरू नये, स्थिर विजेच्या ठिणग्या पडू नयेत, ओरखडे येऊ नयेत, म्हणून तो असतो. सिनेमाच्या रिळाची धुण्याची पद्धत वेगळी, ईसीएन-२. तिच्यात डेव्हलपरच्या, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाच्या आधी अल्कलीच्या पाण्यात हा थर सैल करून धुऊन काढतात. सी-४१मध्ये ती पायरीच नाही. फिल्म थेट जवळपास ३८ अंशांच्या डेव्हलपरमध्ये उतरते, काळा थर तिथे सुटायला लागतो आणि टाकीभर पसरतो. काही कंपन्या रेमजेट आधीच काढून असं रीळ सी-४१साठी विकतात आणि तसं स्पष्ट सांगतात. त्यात गैर काही नाही. माझ्या रोलवर थर तसाच होता आणि डबी सी-४१ म्हणत होती.

दोन रोल टाकीत गेले आणि पाणी काळवंडलं. रसायन ओतून द्यावं लागलं. पाठोपाठ आत गेलेले कुणाच्या तरी सहलीचे दोन रोल काळ्या ठिपक्यांनी भरले. मी त्यांना ओळखत नाही, पण त्यांच्या फोटोंवर माझ्या शिगम्याची काजळी बसली. लॅबवाल्याने नुकसानीचा आकडा स्वतःहून सांगितला नाही. मीच विचारला आणि साडेतीन हजार पाठवले. माझे उरलेले दोन रोल त्याने हाताने पुसून धुतले. त्याचे उपकार.

निगेटिव्ह घरी आल्या त्या रात्री स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली पट्टी धरली. काठावर छापलं होतं: ईस्टमन ५२१८. हे कोडॅकच्या व्हिजन २, ५०० टी या सिनेमाच्या निगेटिव्हचं क्रमांक-नाव. २००२ साली आलेली ही फिल्म. २००७मध्ये तिच्या पुढची पिढी, ५२१९, आली. म्हणजे माझा 'पूर्णपणे नवा' रोल पंधराहून अधिक वर्षं कुठल्यातरी डब्यात पडून होता, आणि थंड जागी नक्कीच नव्हता. शिवाय 'टी' म्हणजे टंगस्टन, स्टुडिओतल्या पिवळ्या दिव्यांसाठी बनवलेली. दिवसाच्या उजेडात नारिंगी फिल्टर न लावता ती निळी पडते. त्यात जुनी फिल्म आळसावते, तिला जास्त उजेड द्यावा लागतो. मी डबीवर विसंबून ४००वर मोजत होतो. घोडेमोडणीची लाल-केशरी फुलं शेवाळी राखाडी आली. सावल्यांत तर चिखलच.

उरलेल्या सहांपैकी एक रोल उजेडातच उघडला. जायचा तो गेलाच होता. आत जुन्या डबीतून बाहेर राहिलेल्या बोटभर फिल्मला सेलोटेपने हे रीळ चिकटवलेलं. रीळ छत्तीस फोटोंना पुरेल एवढं नव्हतंच, म्हणूनच कळ अडत होती. पट्टी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून बुडवली आणि पाठ अंगठ्याने चोळली. बेसिन शाईसारखं काळं झालं. बायको म्हणाली, "हे आधी केलं असतं तर?" मी बेसिन घासत राहिलो.

त्या विकणाऱ्याला फोटो पाठवले. पहिलं उत्तर, "दादा, प्रायोगिक म्हटलं होतं ना." सरचा दादा झालो होतो. दुसरं उत्तर, लॅबने चुकीच्या पद्धतीने धुतलं. डबीवर तूच सी-४१ छापलंय म्हटल्यावर उत्तर बंद, मग नंबर बंद. मी १९३०वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, व्यवहाराचा क्रमांक आणि काठाचे फोटो जोडले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही, १९१५ नंबर. दोन्हीकडून पोचपावती आली. पैसे मी स्वतःच्या हाताने, माल मिळेल म्हणून दिले होते आणि माल, म्हणायला, मिळालाही होता. त्यामुळे मला फार आशा नाही. पण दुसऱ्या कोणी त्याच खात्याविरुद्ध नोंदवलं तर माझी नोंद उपयोगी पडेल. माझ्यासारखा अनुभव आला असेल तर लाजून गप्प बसू नका, मी तीन आठवडे बसलो होतो.

तुम्हाला असा रोल कोणी दाखवला तर स्कॅन बघून भाळू नका. पूर्ण निगेटिव्ह पट्टीचा फोटो मागा, भोकांसकट, काठासकट. भोकं नीट बघा: सिनेमाच्या कॅमेरा निगेटिव्हच्या भोकांच्या बाजू पिंपासारख्या गोलसर असतात, साध्या रोलची भोकं चौकोनी, फक्त कोपऱ्यात गोल. हाताशी एखादी जुनी निगेटिव्ह ठेवून तुलना केली की लगेच कळतं. बाहेर आलेल्या टोकाची पाठ काळी कुळकुळीत असेल तर सोड्याच्या पाण्याचा एक थेंब लावून चोळा. विकणारा चोळू देत नसेल तर उत्तर मिळालंच. कोणी बनवलं, बॅच कुठली, मुदत कधीची, हेही विचारा. खरोखर प्रयोग करणारे हे सगळं आनंदाने सांगतात. फिनिक्सवाल्यांनी तर स्वतःचे दोष आधी सांगितले होते.

पाच रोल अजून फ्रीजमध्ये आहेत, सोलकढीच्या बाटलीमागे. रेमजेट हाताने काढून, ईसीएन-२ची रसायनं वापरून, आयएसओ १०० धरून त्यांच्यातून काहीतरी येईलही. लॅबवाला परवा म्हणाला, "पाठवा, पण टोकाची पाठ चोळून पांढऱ्या कागदावर ठेवा आणि त्याचा फोटो आधी पाठवा." आता माझ्या प्रत्येक रोलसोबत तो फोटो जातो, साध्या कोडॅक गोल्डसोबतसुद्धा.