साथीच्या दिवसांत दाढदुखी: घरी थांबावं की तालुक्याला जावं?

दातांच्या दवाखान्याची भीती अगदीच खोटी नाही. दाढ कोरण्याचं यंत्र (एअरोटर) आणि दात साफ करण्याचं अल्ट्रासोनिक यंत्र पाण्याचा फवारा मारतात, त्यात लाळ मिसळते आणि बारीक तुषार हवेत तरंगत राहतात. म्हणूनच २०२० मध्ये कोविडच्या साथीत बहुतेक ठिकाणी फक्त तातडीची कामं होत होती. पण भीतीपोटी चुकीचं दुखणं अंगावर काढलं, तर ते जिवावर बेततं.

थंड पाण्यानं कळ येऊन लगेच जात असेल, जुनं सिमेंट निघालं पण दुखत नसेल, दात साफ करायचे किंवा कवळी बसवायची असेल, तर महिनाभर थांबा.

गरम चहानंतर कळ मिनिटभर टिकते, रात्री आडवं झालं की ठणका वाढतो, तेव्हा आतली नस सुजलेली असते. मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकनं ही कळ थांबत नाही. दाढ उघडावीच लागते. तोवर मोठ्या माणसाला जेवणानंतर आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, आठ तासांनी एकदा, दोन दिवस चालेल. अल्सर, किडनीचा त्रास, गरोदरपण किंवा डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन घेऊ नका. दाढेशी अ‍ॅस्पिरिनची गोळी धरू नका, हिरडी भाजते. गालाला गरम शेकही देऊ नका.

दाढ काढायची की रूट कॅनल? काढणं बहुधा एका खेपेत होतं आणि फवारा क्वचितच लागतो. रूट कॅनलला दोन-तीन खेपा लागू शकतात, म्हणजे तितक्याच वेळा एसटीचा प्रवास. तरी चावण्याची चांगली दाढ नुसत्या घाईनं काढू नये. “आज नस काढून तात्पुरतं सिमेंट भरता का? रबर डॅम लावता का?” असं फोनवर विचारा. रबर डॅम म्हणजे दाताभोवती लावायचा रबराचा पातळ पडदा, त्यानं फवाऱ्यात लाळ कमी मिसळते. साधी कीड हातानं कोरून ग्लास आयोनोमर नावाचं सिमेंट भरता येतं, त्यात फवारा नाही.

गालाची सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली सरकली, ताप आला, थुंकी गिळता येईना, तर त्याच दिवशी निघा. श्वास अडत असेल तर १०८ ला फोन करा. तोंड किती उघडतं ते रोज आपल्याच बोटांनी मोजा: तीन बोटं उभी मावायला हवीत. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणाऱ्यांचं तोंड आधीच कमी उघडतं, त्यामुळे त्यांनी कालच्याशी ताडून पाहावं. काल दोन बोटं आणि आज एक, ही धोक्याची खूण. तोंडातला छाला १५ दिवसांत भरला नाही तर साथ ओसरायची वाट पाहू नका.

कोविडनंतर शुगर वाढलेल्या किंवा स्टेरॉइड घेतलेल्या माणसाचे वरचे दात अचानक हलू लागले, गाल बधिर झाला, टाळू काळी पडली, तर ती म्युकरची बुरशी असू शकते. तालुक्याला न थांबता थेट नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा मेडिकल कॉलेजात न्या. इथे एक-दोन दिवसही महाग पडतात.

खोकला-ताप असेल तर आधी फोनवर सांगा आणि दिवसातली शेवटची वेळ मागा.