ओफेलची फेरी: हेरोदापेक्षा नथीनीमांसाठी घ्या

यरुशलेमच्या मंदिर-टेकडीच्या दक्षिण भिंतीखाली ओफेलचं उत्खनन आहे. तिथली गाईडसोबतची फेरी मी घेतली ती नथीनीमांसाठी, म्हणजे मंदिरातल्या सेवकांसाठी. बाबिलच्या बंदिवासातून परतल्यावर त्यांची वस्ती इथेच, पूर्वेकडच्या पाणीवेशीसमोरपर्यंत होती, असं बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. माझे बाबा आमच्या सिनेगॉगचे, म्हणजे यहुदी प्रार्थनागृहाचे, शमाश (सेवक) होते. दिवे, पाणी, झाडलोट सगळं त्यांच्याकडे. म्हणून याजकांपेक्षा मला या लोकांची ओढ जास्त.

गाईड अभ्यासू होता, मराठी माणसाला कळेल अशा सोप्या इंग्रजीत बोलत होता. पण निम्म्याहून जास्त वेळ मंदिराच्या दक्षिणेकडच्या हुल्दा वेशींच्या रुंद पायऱ्यांवर आणि हेरोद राजाच्या बांधकामातल्या दगडांवर गेला. ते सगळं नहेम्यानंतर चारशेहून अधिक वर्षांनी बांधलेलं. सुंदर आहे, वादच नाही, पण मी त्यासाठी आले नव्हते.

मी विचारल्यावर मात्र त्याने पायरीवर बसून एज्राच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय उघडला आणि सीहा, हसूफा, तबावोथ अशी एकेका घराण्याची नावं वाचली. फेरीचे पैसे तिथेच वसूल झाले. परतलेल्या पहिल्या तुकडीत लेवी, म्हणजे मंदिरातले याजकांचे मदतनीस, आले फक्त 74. नथीनीम आणि शलमोनाच्या सेवकांचे वंशज मिळून 392. पुढे शास्त्री एज्रा बाबिलहून निघाला तेव्हा नदीकाठच्या तळावर मोजदाद केली तर एकही लेवी नाही! कासिफ्या इथल्या प्रमुखाकडे, इद्दोकडे माणसं पाठवली, तेव्हा 38 लेवी आले आणि 220 नथीनीम, सगळ्यांची नावं नोंदवलेली. बाबिलातली बसलेली घडी मोडून, पडक्या नगरात पुन्हा सेवा करायला आलेली ही माणसं. पर्शियाचा राजा अर्तहशश्तने याजक-लेव्यांबरोबर त्यांनाही कर माफ केला होता.

एक गोष्ट गाईडने गाळली, ती मला खटकली. पुढच्या काळात मिश्ना या यहुदी नियमसंग्रहाने याच लोकांना वंशांच्या यादीत खाली ढकललं आणि इस्राएल घराण्यांशी त्यांचे विवाह निषिद्ध ठरवले. तालमूद, म्हणजे मिश्नावरचं विवेचन, त्यांना यहोशवाने लाकूडतोडे आणि पाणके म्हणून नेमलेल्या गिबोन्यांचे वंशज मानतो. तीही बाजू लोकांना कळायला हवी.

जमलं तर आधी खाली गीहोन झरा बघा. त्याचं तिकीट वेगळं, दाविदाच्या नगराचं. मग चालत वर या. चांगलाच चढ आहे. भरलेली घागर घेऊन तो चढायचा म्हणजे काय, हे पायांना कळतं. उन्हाळ्यात सकाळचीच वेळ घ्या, सावली फार कमी आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी ठेवावी, पायऱ्या एक रुंद एक अरुंद अशा आहेत.

पाचापैकी चार तारे. गाईडला सुरुवातीलाच सांगा की नहेम्या 3 आणि एज्रा 2 ऐकायचेत, नाहीतर वेळ हेरोदावरच संपतो.