पायथनचं ‘आर्च’ पॅकेज: यंत्र पक्कं, डिफॉल्ट कच्चे

शेअर बाजाराच्या परताव्यावर गार्च, म्हणजे अस्थिरता दिवसागणिक कशी बदलते ते मोजणारं मॉडेल, बसवायचं तर पायथनमध्ये फार शोधाशोध करावी लागत नाही. ऑक्सफर्डचे अर्थमितीतज्ज्ञ केव्हिन शेपर्ड यांचं ‘आर्च’ पॅकेज फुकट आहे आणि पिप या पायथनच्या इन्स्टॉलरने चुटकीसरशी बसतं. एंगल यांचं 1982 चं आर्च, बोलरस्लेव्ह यांचं 1986 चं गार्च, नेल्सन यांचं ईगार्च, ही एकाच कुळातली मॉडेलं एकाच फंक्शनमधून चालतात. स्टँडर्ड एररही (गुणकांच्या अंदाजातली अनिश्चितता) न सांगता रोबस्टच, म्हणजे वितरणाचा अंदाज चुकला तरी टिकणारे, निघतात. कुरबूर आहे ती बाकीच्या डिफॉल्टबद्दल.

काहीच न सांगता मॉडेल चालवलं तर ते साधं गार्च (1,1) धरतं आणि वितरण नॉर्मल मानतं. निफ्टीला हे दोन्ही लागू पडत नाही. निर्देशांक 2% पडला की जेवढी खळबळ होते, तेवढी 2% चढल्यावर होत नाही. म्हणून ‘ओ’ या पर्यायाची किंमत 1 द्या, म्हणजे पडझडीसाठी वेगळा गुणक, गॅमा, मिळतो. वितरण ‘टी’ (टोकाच्या हालचालींना जास्त जागा देणारं) किंवा ‘स्क्यू-टी’ (तेच, पण एका बाजूला कललेलं) ठेवा. असं केल्यावर अल्फा (कालच्या धक्क्याचा गुणक) शून्याला टेकलेला दिसला तर घाबरू नका, निर्देशांकांच्या बाबतीत ते नेहमीचंच आहे. फक्त धक्का किती दिवस टिकतो ते काढताना अल्फा, बीटा (कालच्या अस्थिरतेचा गुणक) आणि गॅमाचा अर्धा भाग, अशी बेरीज करा. ती 0.98 आली तर धक्का अर्ध्यावर यायला साधारण 34 दिवस लागतात.

आता डेटा. परतावा 0.008 अशा दशांशात दिला तर ओमेगा (मॉडेलमधला स्थिर आकडा) इतका बारीक होतो की ऑप्टिमायझर, म्हणजे गुणक शोधणारा भाग, चाचपडतो आणि पॅकेज स्केलची ताकीद देतं. परतावा आधीच 100 ने गुणून टक्क्यांत द्या. ‘रीस्केल’ चालू केलं तर हे काम पॅकेज स्वतः करतं, पण मग अंदाजही त्याच स्केलमध्ये येतात. व्हेरिअन्सला, म्हणजे अस्थिरतेच्या वर्गाला, स्केलच्या वर्गाने भागायचं राहून जातं आणि आकडे भलतेच दिसतात. परतावा काढल्यावर पहिली ओळ रिकामी राहते, ती काढली नाही तर थेट एरर. सुट्टीच्या दिवशी आदल्या दिवसाचा भाव भरू नका. खोटे शून्य परतावे घुसतात आणि अस्थिरता उगाच कमी दिसते. दिवाळीच्या मुहूर्त ट्रेडिंगचा तासाभराचा परतावाही मॉडेल पूर्ण दिवसाचाच समजतं. तो पुढच्या सत्रात मिळवून टाकलेला बरा.

23 मार्च 2020 ला निफ्टी सुमारे 13% कोसळला. अल्फा 0.08 असेल तर त्या एका आकड्यातून दुसऱ्या दिवसाच्या व्हेरिअन्समध्ये 169 गुणिले 0.08, म्हणजे साडेतेराची भर पडते. बाकी काही न धरताही दिवसाची अस्थिरता 3.7% च्या घरात जाते. असा एक दिवस नमुन्यात असला आणि नसला, दोन्ही तऱ्हेने मॉडेल बसवून गुणक किती हलतात ते बघाच.

सगळ्यात महागात पडणारी चूक व्हॅर, म्हणजे वाईट दिवशी किती तोटा होऊ शकतो याचा अंदाज, काढताना होते. पॅकेजमधलं टी-वितरण व्हेरिअन्स 1 राहील असं बेतलेलं आहे. सायपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीमधलं तसं नाही. स्वातंत्र्यांश (टोकं किती जाड ते ठरवणारा आकडा) 5 असतील तर सायपाय सगळ्यात वाईट 1% ची सीमा उणे 3.365 देतं, हवं असतं उणे 2.606. दिवसाची अस्थिरता 1.2% धरली, तर 1 लाखाच्या गुंतवणुकीवर व्हॅर सुमारे 3,130 रुपयांऐवजी 4,040 रुपये निघतो. मॉडेलच्याच ‘डिस्ट्रिब्युशन’मधलं ‘पीपीएफ’ (ही सीमा देणारं फंक्शन) वापरा, प्रश्न मिटला.

ईगार्चचा एका दिवसापेक्षा पुढचा अंदाज सूत्राने मागितला की एरर येतो. तिथे सिम्युलेशन लावावं लागतं. ‘कंडिशनल व्होलॅटिलिटी’चा (मॉडेलने काढलेल्या रोजच्या अस्थिरतेचा) देखणा आलेख अंदाज म्हणून कुणी दाखवला तर फसू नका, त्यातले गुणक अख्ख्या डेटावरून आलेले असतात. खरी परीक्षा हवी तर ‘लास्ट ऑब्स’ (डेटा कुठवर वापरायचा ती मर्यादा) पुढे सरकवत मॉडेल पुन्हा पुन्हा बसवा आणि मागचे गुणक ‘स्टार्टिंग व्हॅल्यूज’ म्हणून द्या, वेळ बराच वाचतो.

युनिट रूट चाचण्या (मालिका स्थिर आहे का ते तपासणाऱ्या) आणि बूटस्ट्रॅप (डेटातूनच पुन्हा पुन्हा नमुने काढणं) ही सोबतची भेट उत्तम आहे. उणीव एकच, पण मोठी: दोन शेअरमधलं बदलतं सहसंबंधन मोजणारं डीसीसी यात नाही. गंमत म्हणजे डीसीसीवर एंगल यांच्यासोबत शेपर्ड यांनीच काम केलंय. त्यासाठी आर भाषेतलं ‘आरएमगार्च’ पॅकेज गाठावं लागतं.