रिपोर्टमध्ये सॉफ्ट मार्कर आलाय: थांबायचं, एनआयपीटी करायची की गर्भजल तपासायचं?

अ‍ॅनॉमली स्कॅनमध्ये (बाळाचे अवयव तपासणाऱ्या सोनोग्राफीत) सगळे अवयव नीट, आणि खाली एक ओळ: 'डाव्या वेन्ट्रिकलमध्ये इकोजेनिक फोकस', म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्यात एक पांढरा ठिपका. झोप उडवायला तेवढी पुरते. पण सॉफ्ट मार्कर म्हणजे सोनोग्राफीत दिसलेली एक बारीक खूण, व्यंग नव्हे. तो निरोगी बाळांतही दिसतो. गुणसूत्रांचा दोष असलेल्या बाळांत जरा जास्त वेळा, इतकंच.

पुढे काय करायचं हे मार्कर कोणता, यावर ठरतं. हृदयातला तो पांढरा ठिपका म्हणजे आतल्या छोट्या स्नायूत साचलेलं कॅल्शियम. त्याने हृदयाचं काही अडत नाही. मेंदूतले कोरॉइड प्लेक्सस सिस्टही (पाण्याचे छोटे फुगे) बहुधा आपोआप विरतात. यातलं एकच काहीतरी एकटं दिसलंय आणि आधीची एनआयपीटी (आईच्या रक्तातल्या डीएनएवरून बाळाच्या गुणसूत्रांचा अंदाज घेणारी तपासणी) किंवा रक्ताची दुसरी स्क्रीनिंग टेस्ट नॉर्मल आहे, तर विषय तिथेच सोडावा. अमेरिकेतल्या सोसायटी फॉर मॅटर्नल-फीटल मेडिसिनचा २०२१ चा सल्लाही हाच आहे. आधी काहीच तपासलं नसेल, तर एनआयपीटी करून घ्यावी.

मानेमागची त्वचेची घडी ६ मिमी किंवा जास्त असेल, नाकाचं हाड दिसत नसेल किंवा दोन-तीन मार्कर एकत्र असतील, तर मात्र नुसतं 'बघू' चालत नाही. खरी निवड इथे आहे. एनआयपीटीला आईचं रक्त पुरतं, बाळाला धोका शून्य, आणि डाउन सिंड्रोम ती ९९ टक्क्यांच्या आसपास पकडते. पण ती तपासते वारेतून रक्तात आलेला डीएनए. म्हणून ती स्क्रीनिंगच, पक्कं निदान नव्हे. पॉझिटिव्ह आली तरी निर्णय गर्भजल तपासल्याशिवाय घेऊ नये. शिवाय गुणसूत्रांचे बरेच बारीक दोष तिच्यातून निसटतात.

गर्भजल तपासणीत बाळाभोवतालचं पाणी काढायला पोटातून सुई आत जाते. तिच्यामुळे गर्भपात होण्याचा धोका हजारात साधारण १ ते ३. बदल्यात पक्कं उत्तर मिळतं: नेहमीच्या ट्रायसोमींचं (एक गुणसूत्र जास्त असण्याचं, जसं डाउन सिंड्रोम) दोन-तीन दिवसांत, पूर्ण कॅरिओटाइपचं (सगळ्या गुणसूत्रांच्या तपासणीचं) दोनेक आठवड्यांत. घडी जाड असेल, तर मी एनआयपीटीत वेळ न घालवता थेट याकडे वळेन. पण काहीही निघालं तरी गर्भ ठेवायचाच आहे आणि सुईची भीती मोठी आहे, अशांना एनआयपीटीवर थांबणंही रास्त आहे.

बाळाचं आतडं पांढरं दिसणं हाही एक मार्कर, पण त्याची गोष्ट निराळी. मशीनचा गेन (चित्राचा उजळपणा) जास्त असला तरी ते उजळ दिसतं. म्हणून गेन कमी करत जायचं आणि आतडं हाडाइतकंच चमकत राहतं का ते पाहायचं. राहिलं, तर एनआयपीटी नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होता येत नाही. सीएमव्ही या विषाणूचा संसर्ग, सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार, बाळाने गिळलेलं रक्त, खुंटलेली वाढ, यांचा छडा वेगळा लावावा लागतो.

बाळाच्या मूत्रपिंडाचं पेल्व्हिस (लघवी गोळा होते तो भाग) ४ मिमी किंवा थोडं जास्त भरलं असेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर ३२ आठवड्यांच्या सुमारास पुन्हा सोनोग्राफी. तेव्हा ७ मिमीच्या आत असेल, तर सहसा पुढे काही लागत नाही.