म्हातारपणीची पाठ: कायरोप्रॅक्टर की फिजिओथेरपिस्ट?

मान कडकन मोडून दाखवणारे व्हिडिओ हल्ली आजी-आजोबांच्याही मोबाइलवर येतात. मग प्रश्न येतोच, "मीही जाऊन येऊ का?"

कायरोप्रॅक्टिक १८९५ साली अमेरिकेतल्या डेव्हनपोर्टला डी. डी. पामर यांनी सुरू केलं. मणक्याला हाताने नेमका झटका देणं ही त्याची मुख्य रीत. तो 'कट्' आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवातल्या वायूमुळे येतो. कंबरदुखीत थोडा आराम पडतो, हे मान्य. २०१७ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने औषधांआधी करून पाहायच्या उपायांत ही पद्धतही धरली होती.

पण साठीनंतर हाडं ठिसूळ होतात, बायकांची जास्तच. अशा मणक्याला जोराचा झटका म्हणजे फ्रॅक्चरला आमंत्रण. मानेच्या झटक्याने रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं विरळा, पण आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जपावंच. चांगले कायरोप्रॅक्टर अशा रुग्णांना झटका न देता हलक्या हाताने उपचार करतात, हेही सांगायला हवं.

फिजिओथेरपी त्यामानाने कंटाळवाणी. रोज घरी तेच व्यायाम, आणि फरक दिसायला काही आठवडे. मात्र पाठीचे, पोटाचे, पायांचे स्नायू बळकट होतात, तोल सावरतो, पडण्याची भीती कमी होते. भारतात या व्यवसायाला २०२१च्या कायद्याची चौकटही आहे.

माझ्या आईसाठी मी फिजिओच निवडेन, तेही आधी डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणी, करून. पाय बधिर होत असतील किंवा लघवीवरचा ताबा सुटला असेल, तर दोघांकडेही नको, थेट हॉस्पिटल.